आधीचे नाव
नाव देण्याचा अधिकार कोणाचा? मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांनी १८५५ साली आफ्रिकेतील झांबेझी नदीवरचा प्रचंड धबधबा पाहिला व त्यास राणी व्हिक्टोरियाचे नाव दिले. तेथील लोक मात्र त्यास आधीपासूनच ‘मोसी-ओआ-तुन्या’, म्हणजे गर्जणारा धूर, म्हणत. हेतू सन्मानाचा होता. परंतु जे आपले नाही ते दुसऱ्यास अर्पण कसे करावे? झांबिया १९६४ साली स्वतंत्र झाला, तरी लिव्हिंग्स्टन हे शहराचे नाव त्याने राखले. जागतिक वारशाच्या यादीत १९८९ साली धबधब्याची दोन्ही नावे नोंदली गेली. यात सूड नाही, विस्मरणही नाही. आम्हांस वाटते, नवे नाव देण्यापूर्वी आधीचे विचारावे. शेजाऱ्यावरील प्रीतीची ती पहिली पायरी होय.