ओल आणि प्रायश्चित्त

घराच्या भिंतीवर हिरवट किंवा तांबूस डाग दिसले, तर याजकाला बोलवा, असं बायबलमधल्या लेवीय पुस्तकाचा 14वा अध्याय सांगतो. घर सात दिवस बंद. डाग पसरला तर दगड काढायचे, गिलावा खरवडून नवा करायचा. पुन्हा उमटला तर घरच पाडायचं. तपासणीआधी सामान मात्र बाहेर काढायचं, म्हणजे तेही अशुद्ध ठरत नाही. केवढी ही माणुसकी!

हा डाग देवच घालतो, असं ग्रंथ म्हणतो. पण घर बरं झालं, की प्रायश्चित्त घराचं होतं, मालकाचं नाही.

ओलीने घरं आपल्या काळातही बिघडली. कॅनडातल्या व्हँकूव्हरमध्ये 1980-90च्या दशकांतल्या इमारतींत स्टकोमागे, म्हणजे बाहेरच्या गिलाव्यामागे, पाऊस शिरला, बाहेर पडायला वाट नव्हती, लाकूड कुजलं. 1998मध्ये त्याच्या चौकशीसाठी बॅरेट आयोग बसला. पुढे गिलाव्यामागे पोकळी ठेवू लागले. दुरुस्तीचं बिल मात्र अनेकदा घरमालकांच्याच दारात आलं.