टाळेबंदी आणि उतारवयातली हाडे

कोरोनाच्या टाळेबंदीत रस्ते ओस पडले, पण म्हाताऱ्या माणसांचे खुबे मोडायचे थांबले नाहीत. 2020च्या वसंतात स्पेन, इटली, ब्रिटन येथील रुग्णालयांत वाहनांच्या धडकेने आणि खेळताना मोडलेल्या हाडांचे रुग्ण एकदम घटले. खुब्याचे रुग्ण मात्र फारसे कमी झाले नाहीत. उतारवयात खुबा मोडतो तो बहुधा घरातच: रात्री लघवीला उठताना, ओल्या मोरीत, उंबरठ्याला पाय अडकून. दाराला कुलूप लावल्याने यातले काहीच टळत नाही.

मुंबईजवळच्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात घराबाहेर पडणे हाच वृद्धांचा व्यायाम असतो. उल्हासनगर फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींतून वसले. पुढे दाटीवाटीने इमारती उठल्या आणि जुन्या इमारतींत लिफ्ट क्वचितच असते. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना भाजीसाठी, देवळासाठी रोज जिना उतरावा-चढावा लागे. मे 2020 मध्ये केंद्र सरकारने 65 वर्षांवरील व्यक्तींना उपचार आणि अत्यावश्यक कामे सोडून घरीच थांबायला सांगितले. संसर्गाच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण वापर नसला की मांडीचे स्नायू काही आठवड्यांतच गळू लागतात, तोल सावरेनासा होतो, आणि ऊन न मिळाल्याने ड जीवनसत्त्वाची कमतरता वाढते. हाडे मात्र महिनोन्‌महिने हळूहळू झिजतात. म्हणून टाळेबंदीची हानी टाळेबंदीच्या दिवसांतच मोजली तर ती पुरती दिसत नाही.

त्याहून जाचक गोष्ट उपचारांची. मोडलेल्या खुब्यावर शक्यतो दोन दिवसांत शस्त्रक्रिया व्हावी लागते. माणूस अंथरुणाला खिळला की न्यूमोनिया, रक्ताच्या गुठळ्या आणि पाठीवरच्या जखमा पाठोपाठ येतात. बदलापूर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून रेल्वेने 68 किलोमीटरवर. शीव आणि परळची मोठी रुग्णालये इथल्या कुटुंबांना लोकलमुळेच आवाक्यात असतात. मार्च 2020 मध्ये लोकल थांबली, जूनमध्ये अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांपुरती सुरू झाली आणि सर्वसामान्यांसाठी 1 फेब्रुवारी 2021 पासून ठरावीक वेळांत. त्यात शस्त्रक्रियेआधी कोरोना चाचणीच्या अहवालाची वाट पाहणे आले. खुबा मोडलेल्या रुग्णाला कोरोनाही झाला, तर महिन्याभरात दगावण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो, हे अनेक देशांत दिसून आले.

ठिसूळ हाडांवरच्या औषधांत पडलेला खंड तर कुणाच्या ध्यानातही आला नाही. डेनोसुमॅबचे इंजेक्शन सहा महिन्यांनी घ्यायचे असते. ते लांबले तर हाडांची झीज उसळून वाढते आणि मणके दबू शकतात.

प्रसूती आणि डायलिसिस जशी तातडीची मानली गेली, तसाच मोडलेला खुबाही मानायला हवा. पुन्हा टाळेबंदीची वेळ आलीच, तर अशा रुग्णाला कुठे न्यायचे आणि कोणत्या वाहनाने, हे नगरपालिकांनी पहिल्याच दिवशी जाहीर केले पाहिजे.