साक्षी आणि पाळत

२०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडावर पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड तालुक्यांत रात्री आकाशात ड्रोन घिरट्या घालताना दिसतात असे लोक सांगू लागले, आणि घोड व भीमा या नद्यांच्या काठच्या उसाच्या पट्ट्यात, जिथे वस्त्या शेतांमधून विखुरलेल्या आहेत, ही चोरीपूर्वीची टेहळणी असावी या भयाने माणसे जागून गस्त घालू लागली. हे भय अफवा ठरवून बाजूला सारता येईल, परंतु पाहणाऱ्याचे पाहिल्या जाणाऱ्याशी काय नाते असावे, हा त्यात दडलेला प्रश्न अफवेने संपत नाही.

मुंडकोपनिषदात एकाच वृक्षावर बसलेल्या दोन पक्ष्यांचे रूपक येते. त्यांतील एक फळ खातो आणि दुसरा न खाता केवळ पाहत राहतो. वेदान्तात ‘साक्षी’ ही संज्ञा अशाच पाहण्यासाठी येते, म्हणजे कर्तेपण आणि भोक्तेपण या दोहोंपासून अलिप्त असलेल्या जाणिवेसाठी. साक्षीच्या दृष्टीची कोणाला बाधा होत नाही, कारण त्या पाहण्यातून त्याला काही मिळवायचे नसते. ड्रोन उडवणारा जेव्हा ‘आपण फक्त चित्रण करतो’ असे म्हणतो, तेव्हा तो नकळत हेच अलिप्तपण स्वतःकडे घेतो; वास्तविक कॅमेऱ्यामागे कोणाचा तरी हेतू असतोच, मग तो पिकाच्या पाहणीचा असो, लग्नाच्या चित्रीकरणाचा असो वा घरफोडीचा, आणि म्हणून पाहणारा पक्षी व फळावर डोळा असलेला पक्षी तिथे एकच झालेले असतात.

२५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या ड्रोन नियमांनी यंत्रांचे वजनानुसार वर्ग पाडले, नोंदणी झालेल्या प्रत्येक ड्रोनला स्वतंत्र ओळख क्रमांक दिला आणि आकाशाचे हिरवे, पिवळे व लाल असे विभाग केले. हिरव्या विभागात ४०० फुटांपर्यंत उड्डाणाला पूर्वपरवानगी लागत नाही. विमानांच्या सुरक्षेसाठी ही आखणी सुज्ञ आहे. मात्र तो क्रमांक शासनाच्या संगणकाला कळतो, अंगणात बाज टाकून निजलेल्या बाईला कळत नाही, आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निकाल तिच्या छपरापर्यंत पोहोचायचा राहून जातो. खरी उणीव इथे आहे.

याच जिल्ह्यात याहून वेगळे उड्डाणही झालेले आहे. पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे गावठाणाचे ड्रोनद्वारे मोजमाप करण्याचा प्रयोग झाला, आणि २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतून तशी मोजणी देशभर पोहोचली. या मोजणीत गावाला आधी कळवले जाते, मालमत्तांच्या हद्दी वरून दिसाव्यात म्हणून जमिनीवर चुन्याच्या रेषा आखल्या जातात, आपली हद्द कुठे संपते हे घरमालक शेजाऱ्यादेखत दाखवतो, आणि चुना टाकून झाल्यानंतरच यंत्र वर जाते.