हप्ता कशाला बांधलेला आहे?

पुण्याहून श्टुटगार्टला किंवा म्युनिकला नोकरीसाठी गेलेल्या मराठी अभियंत्याला एक सल्ला हमखास मिळतो: पगार चांगला आहे ना, मग प्रायव्हेट विमा घे. सल्ला देणारा दोनच गोष्टी पुढे करतो, महिन्याचा हप्ता आणि तज्ज्ञ डॉक्टरांची वेळ किती लवकर मिळते ते. चर्चा तिथेच संपते. पुढची चाळीस वर्षे ज्यावर अवलंबून आहेत तो निर्णय मोबाइलचा प्लॅन निवडावा तसा घेतला जातो.

जर्मनीत साधारण नव्वद टक्के लोक पब्लिक विम्यात आहेत. २०२५ साली वर्षाला ७३,८०० युरोंहून अधिक पगार असलेल्या नोकरदारालाच त्यातून बाहेर पडता येत होते. त्या वर्षी पब्लिकचा हप्ता पगाराच्या १४.६ टक्के होता आणि वर सरासरी २.५ टक्के पूरक. निम्मा भार मालकाचा. महिना ५,५१२.५० युरोंपुढच्या पगारावर आकारणी नव्हती, म्हणून कर्मचाऱ्याचा वाटा सरासरी दराने ४७१ युरोंच्या आसपास थांबत होता. तिशीतल्या निरोगी, एकट्या माणसाला प्रायव्हेट कंपनी याहून स्वस्त पडू शकते. तज्ज्ञांची वेळही लवकर मिळते, कारण प्रायव्हेट रुग्णामागे डॉक्टरांना जास्त पैसे मिळतात. हे सगळे खरे आहे.

आपल्याकडे सार्वजनिक आरोग्यसेवा म्हटली की सिव्हिल हॉस्पिटलची रांग आठवते, आणि तो समज सामानाबरोबर परदेशी जातो. जर्मन क्रांकेनकासे, म्हणजे पब्लिक विमा चालवणारी संस्था, हे सरकारी खाते नाही. विमाधारकांचे आणि मालकांचे प्रतिनिधी तिचा कारभार पाहतात, आणि बहुतेक डॉक्टर दोन्ही प्रकारचे रुग्ण तपासतात. बिस्मार्कच्या काळात, १८८३ साली कायद्याने घातलेली ही घडी आपल्यालाही परकी नाही. अर्थतज्ज्ञ बी. पी. आदारकरांच्या १९४४ च्या अहवालातून पुढे आलेली कामगार राज्य विमा योजना हप्ता पगाराच्या प्रमाणातच घेते. मात्र महिना २१,००० रुपयांपुढे पगार गेला की आपल्याकडे माणूस तिच्या कक्षेबाहेर जातो. म्हणूनच सुस्थितीतल्या मराठी माणसाला अशा विम्याचा अनुभव क्वचितच असतो.

प्रायव्हेटच्या बाजूने एकच युक्तिवाद गंभीरपणे घेण्यासारखा आहे: तरुणपणी वाचलेली रक्कम गुंतवा, म्हातारपणी वाढलेला हप्ता त्यातून भरा. हिशेब नीटनेटका वाटतो, पण प्रत्येक पायरीवर तो निसटतो. एक तर बचत सगळी कर्मचाऱ्याची नसते. प्रायव्हेट हप्त्याचाही निम्मा वाटा मालक एका मर्यादेपर्यंत देतो, त्यामुळे हप्ता स्वस्त झाला की निम्मा फायदा मालकाच्या खिशात जातो. बचत टिकते तीही माणूस एकटा आहे तोवर. पब्लिकमध्ये न कमावणारा जोडीदार आणि मुले वेगळ्या हप्त्याशिवाय विम्यात येतात. प्रायव्हेटमध्ये डोईमागे हप्ता पडतो. कंपनी वृद्धापकाळासाठी राखीव निधी बाजूला ठेवते हे खरे, पण पस्तिशीत आलेल्या माणसाचा तो निधी उशिरा साठू लागतो आणि त्याची भरपाई पहिल्या हप्त्यापासूनच होते. तो भारतात परतला तर निधी बहुधा तिथेच राहतो. निवृत्तीनंतर मालकाचा वाटा थांबतो, आणि पेन्शन-विम्याकडून मिळणारी मदत पेन्शनच्या आकारावर ठरते. उशिरा कमावू लागलेल्या स्थलांतरिताची पेन्शन मुळातच तोकडी असते. ज्या वयात गुंतवणुकीने हात द्यायचा, त्याच वयात चारही बाजूंनी ओढाताण सुरू होते.

यावर उत्तर येते, की नाही जमले तर पब्लिकमध्ये परत यावे. पंचावन्नच्या आत परतता येते, पण नोकरदाराला बहुधा पगार बाहेर पडण्याच्या मर्यादेखाली घसरल्यावर किंवा बेकारी भत्त्यावर आल्यावर. परतीसाठी आधी कमाई कमी व्हावी लागते. पंचावन्ननंतर दार जवळजवळ बंदच होते.

सर्वांसाठी एकच विमा हवा ही जर्मनीतली जुनी राजकीय मागणी इथे निरुपयोगी आहे. नव्याने आलेल्याला आज सही करायची असते.

सगळा प्रश्न शेवटी एका फरकावर येतो. पब्लिकचा हप्ता पगाराला बांधलेला आहे, प्रायव्हेटचा शरीराला. एकात कमाई घटली की हप्ता घटतो. दुसऱ्यात वय, जुने आजार आणि निवडलेल्या सोयी यांवरून हप्ता ठरतो, कमाईशी त्याला देणेघेणे नाही. स्थलांतरिताची कमाईच सर्वांत अनिश्चित असते. सुरुवातीची वर्षे व्हिसा नोकरीवर टेकलेला असतो, भाषा अपुरी असते, जोडीदाराला काम मिळेलच असे नसते. ज्याची कमाई डळमळीत, त्याने कमाईकडे न पाहणारा हप्ता स्वीकारणे ही जोखीम आहे आणि ती जोखीम म्हणूनच सांगितली गेली पाहिजे. दोन-तीन वर्षांत परतणार हे पक्के असलेल्या एकट्या माणसाला प्रायव्हेट सोयीचा ठरेल. पण ‘दोन-तीन वर्षे’ म्हणून गेलेले कितीजण मुलांच्या शाळेमुळे तिथेच राहिले, हे मराठी मंडळांच्या गणेशोत्सवात डोकावले तरी कळते.

या मुलांबाबतचा एक नियम तर सल्लागार बहुधा सांगतच नाहीत. विवाहित जोडप्यात नवरा प्रायव्हेटमध्ये, त्याचा पगार पब्लिकमधून बाहेर पडण्याच्या मर्यादेपुढे आणि बायकोपेक्षा जास्त असेल, तर बायको पब्लिकमध्ये असूनही मूल तिच्या विम्यात मोफत बसत नाही. त्याचा हप्ता वेगळा भरावा लागतो. अविवाहित असताना एकट्याने केलेली सही अशी न जन्मलेल्या मुलाच्या नावावरही चढते.