जीव लावावा तो कधी?

मराठी भाषेत ‘जीव’ हा शब्द मोठा विलक्षण आहे. जीव जन्माला येतो, जीव जातो. आणि जीव लावताही येतो. पहिल्या दोन गोष्टी माणसाच्या हाती फारशा नाहीत. तिसरी मात्र सर्वस्वी त्याच्या हाती आहे. ती केव्हा करावी? ज्याच्या जगण्याची शाश्वती नाही अशा जिवाला जीव लावावा, की शाश्वती मिळेपर्यंत मन आवरून धरावे? सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना हा प्रश्न आम्हाला कुणी घातला नव्हता. पुण्याच्या नगर रस्त्यावर आमची पेपल सेमिनरी आहे. त्याच रस्त्याने तीस-पस्तीस किलोमीटर पुढे गेल्यावर, शिक्रापूरच्या एका आजीने तो मला घातला.

शिक्रापूरच्या चाकण चौकाच्या आसपास आपली काही कुटुंबे भाड्याच्या खोल्यांत राहतात. बहुतेक मूळची अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील. सणसवाडी आणि रांजणगावच्या कारखान्यांनी त्यांना इकडे आणले. त्यांपैकी एका तरुण जोडप्याच्या घरी पहिल्या अपत्याची चाहूल लागली होती. सून आठव्या महिन्यात आहे म्हणून गावाकडची आजी नुकतीच येऊन राहिली होती. ऐन पावसाळ्यात एके दिवशी सुनेचा रक्तदाब एकाएकी वाढला. वाघोलीच्या वाहनांच्या कोंडीतून वाट काढत तिला पुण्यातील एका रुग्णालयात नेले आणि त्याच रात्री शस्त्रक्रिया करून मुलीचा जन्म झाला. एकतीस आठवड्यांची मुलगी, वजन एक किलो एकशे ऐंशी ग्रॅम. आपल्याकडे म्हणतात तसे, बाळाला ‘काचेच्या पेटीत’ ठेवले.

दुसऱ्या रात्री बाळाच्या वडिलांचा मला फोन आला. मी पोहोचलो आणि जे प्रत्येक जण विचारतो तेच विचारले, “डॉक्टर काय म्हणतात? वाचेल ना?” तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “फादर, दोन दिवसांत सगळ्यांनी हेच विचारलं. ती कशी दिसते, हे कुणी विचारलं नाही.”

मी खजील झालो. त्या प्रश्नात काळजी होती, हे खरे. परंतु एक अटही दडलेली होती. वाचणार असेल तर आनंद मानू, पेढे वाटू, मुलगी कुणासारखी दिसते ते बोलू. तोवर ती एक वैद्यकीय बातमी!

हातपाय धुऊन, अंगात झगा चढवून आम्ही अतिदक्षता विभागात गेलो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे शरीर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्याचे वर्णन करायला नको. त्वचेखाली चरबीचा थर नसल्यामुळे अंगातली ऊब टिकत नाही. फुप्फुसे आतून चिकटू नयेत म्हणून जो पातळ लेप लागतो, तो पुरेसा तयार झालेला नसतो. मेंदू इतका कोवळा, की बाळ मधूनच श्वास घ्यायचेच विसरते. मग यंत्राची घंटा वाजते आणि परिचारिका तळपायावर हळूच टिचकी मारून त्याला श्वासाची आठवण करून देते. चोखणे आणि गिळणे यांचा मेळ बसलेला नसतो, म्हणून नळीतून दुधाचे मोजके थेंब. पेटीवर एक चिठ्ठी होती. तिच्यावर आईचे नाव आणि पुढे ‘यांचे बाळ’ एवढेच.

बाळाच्या जिवाला धोका असेल तर स्नानसंस्कार विनाविलंब द्यावा, असे ख्रिस्तसभेची १९८३ ची विधिसंहिता सांगते. धर्मगुरू नसेल तर कुणीही, अगदी परिचारिकाही, योग्य हेतूने तो देऊ शकते. मी बाळाचे नाव विचारले. दारापाशी उभी असलेली आजी पुढे आली आणि हात जोडून म्हणाली, “फादर, पाणी घाला, पण इतक्यात नाव नका ठेवू. नाव ठेवलं की जीव लागतो. माझी दोन अशीच गेली. नाव नव्हतं म्हणून तर मी उठून कामाला लागले.”

तिच्या बोलण्याला निष्ठुरपणा म्हणण्याचे धाडस माझ्याने होणार नाही. ज्या पिढीत घरोघरी एखादे तान्हे मूल जात असे, त्या पिढीने स्वतःला सावरण्यासाठी शोधलेला तो उपाय होता. बारसे बाराव्या दिवशी करण्यामागे, बाळाची वाखाणणी न करण्यामागे हाही एक शहाणपणा असावा. आधी टिकू द्या, मग नाव ठेवा.

निर्जंतुक पाण्याचे तीन थेंब त्या इवल्या कपाळावर सोडण्यापूर्वी वडिलांनी मला नाव सांगितले; आजीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात. ते त्यांनी कधीच ठरवून ठेवले होते.

येथे मला वैद्यकशास्त्राच्या इतिहासातील एक गोष्ट सांगितली पाहिजे. दीर्घकाळ डॉक्टरांचीही भूमिका आजीसारखीच होती. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला यंत्रांच्या स्वाधीन करायचे आणि आईला काचेबाहेर ठेवायचे. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांच्या रुग्णालयात बाळे अधिक आणि पेट्या कमी अशी स्थिती होती. त्यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधण्यास सुरुवात केली. कांगारूचे पिलू जसे पिशवीत वाढते तसे. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी बाटली आणि डब्याचे दूध दूर सारून मातेच्या दुधाला मानाचे स्थान दिले आणि १९८९ साली तेथे आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उभी केली. ज्यांच्या आईला दूध नाही, अशा बाळांना दुसऱ्या मातांचे दूध तेथे मिळू लागले.

तरीही एक अट उरलीच होती. आईच्या छातीशी बाळ द्यायचे, परंतु केव्हा? त्याची प्रकृती स्थिर झाल्यावर. तोवर पेटी. ही अटही कसोटीला लावली गेली. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत केलेला एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. तीन हजारांहून अधिक बाळे, वजन एक किलो ते एक किलो आठशे ग्रॅमच्या आत. निम्म्या बाळांना प्रथेप्रमाणे प्रकृती स्थिर झाल्यावर आईजवळ दिले; उरलेल्यांना स्थिर होण्याची वाट न पाहता, जन्मानंतर लवकरात लवकर. त्यासाठी आईची खाटच अतिदक्षता विभागात आणली. पहिल्या गटात अठ्ठावीस दिवसांत हजारी १५७ बाळे दगावली, दुसऱ्या गटात १२०. फरक इतका स्पष्ट होता, की अभ्यास मुदतीआधीच थांबवावा लागला. वाट पाहायला लावणे योग्य नव्हते.

या आकड्यांकडे मी धर्मगुरूच्या नजरेने पाहतो तेव्हा थक्क होतो. बाळ स्थिर झाले म्हणून छातीशी धरायचे, हा क्रमच उलटा होता. छातीशी धरल्यामुळे ते स्थिर होत होते! माया हे जगण्याचे बक्षीस नव्हते. जगण्याचे ते एक साधन होते. संत पौल रोमकरांना लिहितात की, आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. आपण सुधारून, ‘स्थिर’ होऊन त्याच्या दारी येईपर्यंत तो थांबला नाही. ही ओळ मी कित्येक वर्षे प्रवचनात सांगत आलो. तिचा अर्थ मला त्या काचेच्या पेटीपाशी उमगला.

यावर कुणी विचारील, जीव लावणे म्हणजे काहीही झाले तरी प्रत्येक यंत्र चालूच ठेवणे काय? बाळाच्या वडिलांनीही एका रात्री मला विचारले, “फादर, गावाकडची जमीन विकावी का? कुठवर करायचं असतं?” ख्रिस्तसभेचे उत्तर संयमित आहे. पोप बारावे पायस यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञांपुढे बोलताना सांगितले, की जीव राखण्यासाठी सामान्य उपाय करणे हे कर्तव्य आहे. स्वतःवर वा इतरांवर अतोनात भार टाकणारे असामान्य उपाय बंधनकारक नाहीत. १९८० च्या धर्मपीठीय निवेदनाने तोच विचार पुढे नेला: मृत्यू अटळपणे समोर असताना केवळ मरण लांबवणारे उपचार थांबवण्याची मुभा आहे, रुग्णाची नित्याची शुश्रूषा मात्र थांबवता येत नाही. म्हणजे यंत्राला मर्यादा आहे, मायेला नाही. उपचार थांबवण्याचा निर्णय प्रेमातूनही होऊ शकतो. परंतु मुलगी आहे म्हणून, किंवा पुढे अधू राहील या धास्तीने हात आखडता घेतला, तर तो निर्णय प्रेमाचा नव्हे. जमिनीविषयी मी त्यांना एवढेच म्हणालो, की आधी रुग्णालयातील समाजसेवा विभागाकडे जा. सरकारी रुग्णालयांत आजारी नवजात बाळांवर २०११ पासून मोफत उपचाराची तरतूद आहे आणि इतर योजनाही आहेत. पुष्कळ घरे त्या माहीत नसल्यामुळे कर्जात बुडतात.

‘पुढे कशी निपजेल?’ या धास्तीलाही एक प्रामाणिक उत्तर पुण्यातच मिळाले आहे. १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या, दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळांचा केईएम रुग्णालयातील डॉ. सुधा चौधरी आणि डॉ. आनंद पंडित यांनी थेट अठराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. हे तेच केईएम, ज्याच्या डॉ. बानू कोयाजींनी सत्तरच्या दशकात शिक्रापूरजवळच्या वढू परिसरात ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. या मुलांची सरासरी बुद्धी सर्वसाधारण मर्यादेतच होती. मात्र पूर्ण दिवसांच्या मुलांपेक्षा काहीशी कमी, आणि गणितात व लेखनात पुष्कळांना अडचणी. म्हणजे काय? तर सोन्याची हमी नाही, आणि अंधारही नाही. पूर्ण दिवसांच्या बाळाबाबत तरी कुणाला हमीपत्र मिळते?

आता आजीकडे वळतो. सुनेचा रक्तदाब आटोक्यात येत नव्हता. ती दुसऱ्या विभागात होती. पाचव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, घरचे कुणीही बाळाला छातीशी धरू शकते. वडील रात्री धरत. दिवसा ते कामावर. उरली आजी. ती मागे सरली. “तिला माझ्या अंगाची सवय लागेल,” असे म्हणाली. खरे तर कुणाला कुणाची सवय लागण्याचे भय होते, ते सर्वांना समजत होते. शेवटी परिचारिकेने तिला खुर्चीत बसवले, झग्याच्या बंद सोडल्या आणि ते मूठभर बाळ तिच्या छातीवर ठेवून वरून कापड गुंडाळले.

मी गेलो तेव्हा ती तासभर तशीच बसली होती, हलली तर काही बिघडेल अशी. मला पाहून हळूच म्हणाली, “फादर, हिचा श्वास माझ्या छातीला कळतो. थांबला की मीच मोठा श्वास घेते, मग ही पण घेते.” आणि मग तिने बाळाला नावाने हाक मारली, तेच नाव, जे तिच्यापासून चोरून ठेवले होते. मुलाने पहिल्याच रात्री काय सांगितले, ते तिने ऐकले होते.

चौवेचाळीस दिवसांनी मुलगी शिक्रापूरला घरी आली. आता ती अंगणात पळते आणि आजी मागे. परंतु हा लेख तेवढ्यासाठी लिहिला नाही. ती वाचली नसती, तरी त्या दिवसांची माया फुकट गेली असती असे मी म्हटले नसते. हे मला कसे कळले, तेही आजीनेच शिकवले.

त्या वर्षी २ नोव्हेंबरच्या, मृतांच्या स्मरणदिनाच्या, मिस्सासाठी ती माझ्याकडे पाकीट घेऊन आली. स्नानसंस्काराविना गेलेल्या बालकांना ख्रिस्तसभा देवाच्या दयेवर सोपवते आणि त्यांच्या तारणाची आशा बाळगते, हे मी तिला समजावून सांगितले होते. पाकिटावर नातवाईकांची नावे होती, नवऱ्याचे होते. आणि शेवटी, मुलाकडून लिहवून घेतलेली, दोन नवी नावे होती.

“चाळीस वर्षं झाली, फादर,” ती म्हणाली. “नाव नव्हतं, तरी जीव लागलाच होता. उगाच त्यांना बिननावाचं ठेवलं.”

त्या मिस्सात मी ती दोन्ही नावे मोठ्याने वाचली.