नाव ठेवण्याचा अधिकार

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपल्याकडे म्हणतात. आणि भात एकाच भांड्यात, एकाच आधणात शिजलेला असतो तोवर या परीक्षेस कोणी दोष देणार नाही. परंतु भांडे एक होते की अनेक, हेच ज्यास ठाऊक नाही, आणि ज्याच्या हाती केवळ दोन शिते आली आहेत, त्याने काय करावे? अश्मीभूत हाडांवरून नष्ट झालेल्या प्राण्याची नवी जात ठरविणाऱ्या शास्त्रज्ञापुढे हा प्रश्न नित्य उभा असतो. आम्हांस तो केवळ शास्त्राचा वाटत नाही. अपुऱ्या पुराव्यावर एखाद्यास नाव देणे प्रामाणिकपणास धरून आहे काय, असा तो मुळात नीतीचा प्रश्न आहे, आणि तो आपणां सर्वांसच लागू पडतो.

१८२८ साली कॅप्टन विल्यम स्लीमन यांस (ठगांचा बंदोबस्त करणारे म्हणून आपल्या परिचयाचे तेच हे गृहस्थ) जबलपूर येथील बडा सिमला नावाच्या टेकडीत काही अश्मीभूत हाडे सापडली. ‘डायनोसॉर’ हा शब्द तेव्हा जन्मासही आला नव्हता. रिचर्ड ओवेन यांनी तो १८४२ साली बनविला. हाडे अनेकांच्या हातांतून फिरत कलकत्त्यास पोचली, आणि पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील रिचर्ड लिडेकर यांनी १८७७ साली त्यांतील दोन मणक्यांच्या आधारे एक नवा प्राणी जाहीर केला. त्याचे नाव टायटॅनोसॉरस इंडिकस. भारतातील हा पहिला नामधारी डायनोसॉर होय.

दोन मणके, आणि तेही शेपटीचे! मस्तक नाही, दात नाहीत, मान किती लांब होती याचा मागमूस नाही. वाचकांपैकी कोणी वकील असतील तर एवढ्या पुराव्यावर दावा लावावयास ते तयार होणार नाहीत. तथापि लिडेकर यांजवर उतावीळपणाचा आरोप करण्यापूर्वी त्यांनी काय पाहिले ते पाहिले पाहिजे. हाडांत वेगळेपण दिसले म्हणजे जात वेगळी, असे या शास्त्रात चालत नाही. वेगळेपण वयामुळे असू शकते, नर-मादीच्या भेदामुळे असू शकते, किंवा कोट्यवधी वर्षे खडकाखाली दबून हाड वाकडे झाल्यामुळेही असू शकते. ही सारी कारणे बाजूस सारून जे उरेल, आणि जे दुसऱ्या कोणत्याही ज्ञात प्राण्यात आढळत नाही, तेच लक्षण म्हणून मांडावयाचे असते. या मणक्यांची पुढील बाजू वाटीसारखी खोलगट आणि मागील बाजू चेंडूसारखी फुगीर होती. त्या काळी माहीत असलेल्या त्या कुळातील महाकाय प्राण्यांत अशी शेपूट दिसली नव्हती. लिडेकर यांनी पाहिले ते खरे होते, आणि त्यावरून काढलेले अनुमान त्या दिवशी तरी न्याय्य होते.

पुढे जे झाले ते मोठे विचार करण्याजोगे आहे. तशाच वाटी-चेंडूच्या शेपट्या अर्जेंटिनात, मादागास्करात, युरोपात, लाओसमध्ये सापडू लागल्या, आणि जो तो आपापल्या प्राण्यास टायटॅनोसॉरसच्या घरात नेऊन बसवू लागला. नावाखाली चौदा जाती जमा झाल्या. अखेर २००३ साली जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च यांनी सारा संसार तपासून निर्णय दिला, की ज्या लक्षणावर हे नाव उभे होते ते एका संपूर्ण विशाल कुळाचे लक्षण आहे. सबब टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव आता कोणत्याही एका प्राण्यास ओळखण्याच्या कामाचे राहिले नाही. मणके बदलले नाहीत, लिडेकर यांचे वर्णनही खोटे ठरले नाही. सत्य विधान सत्यच राहिले. केवळ त्याची वेगळे दाखविण्याची शक्ती गेली.

आम्हांस येथे थांबावेसे वाटते. मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत एका मात्रेचेच अंतर आहे, आणि व्यवहारात तर तेवढेही उरत नाही. शेजारच्या घरी नवी सून येते; चार दिवसांत तिच्या दोन गोष्टी आपल्या कानी येतात, आणि ती ‘तिरसट’ किंवा ‘गर्विष्ठ’ या जातीत दाखल होते. त्या दोन गोष्टी खऱ्याही असतील. परंतु त्या तिच्या एकटीच्या आहेत, की नव्या घरी आलेल्या प्रत्येक मुलीच्या, हे आपण तपासतो काय? खोटे बोलण्याचे पाप टाळले म्हणजे आपण सुटलो, असे मानणाऱ्या सज्जनांच्या हातून घडणारा अन्याय बहुधा याच जातीचा असतो.

मग नाव देऊच नये काय? असा संन्यास सोपा आहे, परंतु आम्हांस तो मान्य नाही. निनावी हाड कपाटात पडते व विसरले जाते. नाव मिळाले म्हणजे निदान भांडावयास कोणी तरी पुढे येतो. शिवाय या शास्त्राचा एक दंडक आम्हांस फार मोलाचा वाटतो. जो नाव देतो त्याने कोणत्या हाडावरून दिले ते सांगावे लागते, आणि ते हाड मूळ नमुना म्हणून जपून ठेवावे लागते, म्हणजे उद्या दुसऱ्यास ते हाती घेऊन “आपण चुकलात” असे म्हणता येते. चूक पकडण्याची सोय चूक करणाऱ्यानेच करून ठेवावयाची! त्याच जबलपुरात चार्ल्स मॅटली यांनी लॅमेटासॉरस नावाचा एक चिलखती प्राणी उभा केला होता. पुढे तपासणीत असे दिसून आले, की कमरेची हाडे एका मांसाहारी प्राण्याची आणि पाठीवरची ढाल भलत्याच कोणाची. हाडे पाहावयास होती म्हणूनच ही गल्लत उघडकीस आली.

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावची गोष्ट याहून समाधानाची आहे. तेथे १९८४ ते १९८६ या काळात मान, पाठ, कंबर, शेपूट, खांदा असे एकाच प्राण्याचे बरेचसे अवयव मिळाले. १९९७ साली सोहनलाल जैन आणि शाश्वती बंदोपाध्याय यांनी त्यासही टायटॅनोसॉरस म्हटले, मात्र जात नवी मानली. जुने नाव मोडले तेव्हा हा प्राणी बेघर झाला नाही. त्याच्यापाशी स्वतःचे म्हणण्याजोगे पुष्कळ होते. उत्खनन करणाऱ्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट या संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्यास आयसिसॉरस असे नवे नाव मिळाले.

आणि त्या जबलपूरच्या दोन मणक्यांचे काय झाले? ते पुष्कळ वर्षे बेपत्ता होते. २००३ च्या निर्णयाच्या वेळी तपासणाऱ्यांस साच्यातून काढलेल्या प्रतिकृतींवरच भागवावे लागले. पुढे २०१२ साली कोलकात्यास भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात शोध घेतला असता त्यांपैकी एक मणका हाती लागला. ज्याचे नाव रद्द ठरून नऊ वर्षे झाली होती, त्याचा माग काढीत मंडळी आली होती.