शालीशिवायचा नारळ

नोव्हेंबर २०२२ मधला पहिला शुक्रवार. ट्विटरच्या कर्मचाऱ्यांना आदल्या दिवशीच कळवले होते की उद्या ऑफिसला येऊ नका, दारावर तुमचे कार्ड चालणार नाही, सकाळपर्यंत ईमेल येईल. ईमेल कंपनीच्या पत्त्यावर आला तर नोकरी राहिली, स्वतःच्या खासगी पत्त्यावर आला तर गेली. काहींना तेवढीही वाट पाहावी लागली नाही. रात्रीच लॅपटॉपने पासवर्ड नाकारला आणि समजायचे ते समजले. आठवडाभरापूर्वी, २७ ऑक्टोबरला, इलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलरला कंपनी घेतली होती आणि आयआयटी मुंबईत शिकलेले सीईओ पराग अग्रवाल लगोलग घरी गेले होते. साडेसात हजारांच्या कंपनीतले जवळजवळ निम्मे लोक या शुक्रवारी कमी झाले. भारतात दोनशेच्या आसपास माणसे होती, त्यांतली बहुतेक गेली.

मराठीत याला नारळ मिळणे म्हणतात. निवृत्तीच्या दिवशी हातात पडतो तोही नारळच. तिथे सोबत शाल असते, दोन कंटाळवाणी भाषणे असतात, साहेबांबरोबर फोटो असतो. नोकरी दोन्हीकडे संपते, फरक काय तो शालीचा. कंपन्या विकत घेणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही ते हे, की ती शाल जाणाऱ्याच्या खांद्यावर पडत असली तरी बघत असतात ते मागे राहणारे.

डेव्हिड नोअर या अमेरिकन सल्लागाराने १९९३ मध्ये कपातीतून वाचलेल्यांवर एक अख्खे पुस्तक लिहिले. भीती, राग आणि आपण राहिलो याचा अपराधी भाव, असे त्याचे निदान होते. त्यासाठी पुस्तक वाचायलाच हवे असे नाही. हिंजवडीत कपातीच्या दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर उभे राहिले तरी पुरते. शेजारची खुर्ची रिकामी, तिच्यावरचे जॅकेट तसेच. टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून गेलेल्यांना काढायचे की नाही यावर कोणी बोलत नाही, म्हणून दुसरा ग्रुप निघतो. कालपर्यंत दुसऱ्याची चूक आपणहून सावरणारा माणूस आता त्याच चुकीचा ईमेल साहेबांना सीसी करून पाठवतो. आळशी कोणीच झालेले नसते, उलट सगळे जास्त वेळ बसतात. फक्त एकमेकांसाठी न सांगता केली जाणारी कामे बंद होतात. कंपनीची संस्कृती म्हणजे बव्हंशी हीच कामे, आणि त्यांची नोंद कुठल्याच ताळेबंदात नसल्याने विकत घेणाऱ्याला ती दिसत नाहीत.

मस्क यांनी राहिलेल्यांना दोन आठवड्यांत आणखी एक ईमेल पाठवला. यापुढे अतोनात काम करावे लागेल, तयारी असेल तर होकार कळवा, नाहीतर तीन महिन्यांचा पगार घ्या आणि जा. शेकडो जणांनी दुसरा पर्याय घेतला. ऑफिसच्या फरशीवर स्लीपिंग बॅगमध्ये झोपल्याचा फोटो टाकून निष्ठा दाखवणाऱ्या एका व्यवस्थापक बाईंनाही फेब्रुवारी २०२३ मध्ये नारळ मिळाला. हा निरोप बाकीच्यांना कुठल्याही भाषणापेक्षा स्वच्छ ऐकू गेला असणार. एप्रिलमध्ये मस्क यांनीच सांगितले की जेमतेम आठ हजारांतले सुमारे दीड हजार उरले आहेत.

ट्विटर बंद पडले नाही, हेही लिहायला हवे. ते आठवड्यात कोसळेल म्हणणारे तोंडघशी पडले. कंपनीत अनावश्यक माणसे होती हा नव्या मालकाचा दावा सरसकट खोटा नसावा. पण मार्च २०२३ मध्ये एके दिवशी साइटवरच्या लिंका आणि चित्रे अचानक दिसेनाशी झाली, तेव्हा कारण निघाले ते एकाच इंजिनिअरने केलेला एक बदल. ज्याने तो बदल बघून ‘थांब जरा’ म्हटले असते, अशी माणसे आता तिथे फारशी नव्हती.

आपल्याकडचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे आणि त्याचे एक टोक पुण्यात, कर्वे रस्त्यालगतच्या शारदा सेंटरमध्ये होते. ७ जानेवारी २००९ रोजी हैदराबादच्या सत्यम या आयटी कंपनीचे संस्थापक रामलिंग राजू यांनी पत्र लिहून हजारो कोटींचा हिशेब खोटा असल्याची कबुली दिली. आदल्याच वर्षी या कंपनीला सुशासनाचा पुरस्कार मिळालेला! पन्नास हजारांच्या आसपास लोकांना पुढचा पगार होईल की नाही हे माहीत नव्हते. सरकारने संचालक मंडळ बरखास्त केले, दीपक पारेख, किरण कर्णिक यांच्यासारखी माणसे नेमली आणि तीन महिन्यांत लिलाव झाला. १३ एप्रिलला शारदा सेंटरमधल्या टेक महिंद्राने शेअरमागे ५८ रुपये बोली लावून तो जिंकला. आकाराने लहान कंपनीने मोठीला घेतले होते.

माणसे तिथेही जास्त होती. जूनमध्ये हजारो जणांना ‘व्हर्च्युअल पूल’मध्ये टाकले गेले. ऑफिसला यायचे नाही, सहा महिने मूळ पगार, पीएफ, आरोग्य विमा मिळेल, तोवर दुसरीकडे शोधा. हे काही औदार्य नव्हते. पगाराच्या स्लिपमध्ये ‘बेसिक’ तेव्हा जेमतेम अर्धा, पुष्कळदा त्याहून कमी असे, आणि घरकर्जाचा हप्ता मात्र पूर्ण जाई. तरी शोधाशोध करताना माणसाचे नाव पटावर राहिले आणि ‘सध्या कुठे?’ या प्रश्नाला उत्तर राहिले. त्याच जूनमध्ये नव्या मालकांनी कंपनीला नाव दिले ‘महिंद्रा सत्यम’. बदनाम झालेला शब्द पुसून टाकायला सर्वांनी टाळ्या वाजवल्या असत्या. पण घोटाळा राजूंचा होता, त्या नावाखाली काम केलेल्या हजारोंचा नव्हता, हे त्यातून सांगितले गेले. २०१३ च्या जूनमध्ये विलीनीकरण पूर्ण होईपर्यंत ते नाव टिकले.

मालक बदलल्यावर माणसांचे काय, हा प्रश्न कायद्याला कळला नव्हता असे नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात धंदा एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेला तर काय, याची तरतूद होती. सलग नोकरी आणि आधीच्याइतक्या अटी, नाहीतर भरपाई. मात्र आजचे बहुतेक ताबे शेअर विकत घेऊन होतात. कागदोपत्री मालक म्हणजे ती कंपनीच, आणि ती तर तिथेच असते! शिवाय ‘कामगार’ या व्याख्येत टीम लीडर बसतो का, यावर वकील अजून भांडतात.

एअर इंडिया टाटांकडे जाताना तरी सरकारने अट घातली होती, वर्षभर कोणाला काढायचे नाही. २७ जानेवारी २०२२ ला विमाने सुपूर्द झाली आणि अट पाळली गेली. पण मुंबईत कलिन्याच्या कंपनी वसाहतीतल्या कुटुंबांना घरे रिकामी करायला सांगण्यात आले आणि भांडण उच्च न्यायालयात गेले. नोकरी शाबूत, पत्ता गेला. कपात टळली की उमेद आपोआप टिकते, हा समज तिथेच संपायला हवा होता.

तो संपला नाही. समूहातल्या एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये दुसरी एक कंपनी विलीन होत असताना पगार आणि पदे यांवरून धुसफूस वाढत गेली. ७ मे २०२४ च्या रात्रीपासून केबिन क्रूमधले लोक एकापाठोपाठ एक आजारी पडू लागले. दुसऱ्या दिवशी ऐंशीहून अधिक उड्डाणे रद्द झाली. कंपनीने पंचवीस जणांना काढून टाकले. ९ मे रोजी दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांकडे बैठक झाली, पंचवीसही जणांना परत घेतले गेले, आणि आजारी पडलेले सगळे लगेच बरे होऊन कामावर आले.